'औषध वितरण' की 'औषधवहन'?

प्रश्न असा आहे : नॅनोमेडिसिनवरच्या (म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरून औषध हव्या त्या जागी नेण्याच्या शास्त्रावरच्या) एका अनुवादात 'ड्रग डिलिव्हरी'ला 'औषध वितरण' आणि 'नॅनोमेडिसिन'ला 'अब्जांश औषध' म्हटलं आहे. हे शब्द बरोबर आहेत का?

मला दोन्ही खटकतात. वितरण म्हणजे वाटप. रेशनच्या धान्याचं होतं, बक्षिसांचं होतं. इथे तर औषध शरीरभर वाटलं जाऊ नये यासाठीच सगळा खटाटोप चाललेला असतो. शिवाय रक्तातून औषध ठिकठिकाणी पसरतं त्या क्रियेला औषधशास्त्रात 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात. वितरण हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवायला हवा.

मी 'औषधवहन' म्हणेन, आणि वाहून नेणाऱ्या कणाला 'औषधवाहक'. बोलताना 'औषध पोचवणं' पुरतं. पत्र पोचतं, निरोप पोचतो. पोचण्यात पत्ता आलाच. आयुर्वेदात मधाला 'योगवाही' म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी मिसळेल त्याचे गुण वाहून नेणारा. नॅनोकण आणि मध यांची बरोबरी मी करत नाही, पण 'वाही' आपल्या घरातच आहे.

आता 'अब्जांश'. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश, इथवर शब्द चोख आहे. पण 'अब्जांश औषध' ऐकलं की मात्राच अब्जांश असेल असं वाटतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते, त्या चिठ्ठीवर 'लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी' हे बुरशीवरचं औषध लिहिलेलं असे. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम देतात, कारण ते मूत्रपिंडांना जाचतं. तेच चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलं की जाच बराच कमी होतो आणि ५ मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. कण सूक्ष्म, मात्रा उलट मोठी! त्यापेक्षा 'नॅनोऔषध' सरळ आहे. (लायपोसोममधला 'सोम' चंद्र नव्हे, सोमरसही नव्हे, ग्रीक 'सोमा', म्हणजे देह.)

'टार्गेटेड'साठी सर्रास 'लक्ष्यवेधी' लिहितात, तेही जपून वापरावं. शिरेतून दिलेले बरेचसे नॅनोकण यकृत आणि प्लीहाच टिपून घेतात, मग लक्ष्य कुठेही असो. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या नॅनोऔषधात मात्र हाच कल कामी आला : त्यातल्या आरएनएला यकृतातच एका प्रथिनाची निर्मिती रोखायची असते. अशा वाहकाला मी 'यकृतगामी' म्हणेन.