मॉर्मन इतिहासाचा अभ्यास सुरू करताना

आपण हा विषय हाती घेतलात याचा मनापासून आनंद वाटतो; सुरुवातीला वाचन थोडेच ठेवा, पण ते मूळ साधनांपासून करा. मॉर्मन या अमेरिकेत उदयास आलेल्या, ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचा धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन 1830 साली न्यूयॉर्क राज्यातील पामायरा येथे छापले गेले. आज मिळणारी प्रत म्हणजे तीच पहिली आवृत्ती, असे समजणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक होय, कारण 1837 च्या आवृत्तीत पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी स्वतः अनेक शब्द बदलले आणि अध्याय-वचनांची आजची विभागणी तर 1879 मधील आहे. म्हणून उतारा टिपताना आवृत्तीचे वर्ष लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावा.

स्मिथ यांना साधारण 1820 मध्ये झालेल्या पहिल्या दृष्टांताचे, म्हणजे ईश्वरी दर्शनाचे, उपलब्ध असलेले सर्वांत जुने कथन 1832 चे आहे, आणि 1835, 1838 व 1842 च्या कथनांत तपशील बदलतात. ही चारही कथने शेजारी ठेवून वाचा. जोसेफ स्मिथ पेपर्स या प्रकल्पाने ती विनामूल्य उपलब्ध केली आहेत.

केवळ श्रद्धावंतांचे किंवा केवळ टीकाकारांचे लेखन वाचून मत बनवू नका. 1844 मध्ये स्मिथ यांची हत्या झाल्यावर अनुयायी विभागले गेले, त्यामुळे अमेरिकेतील युटा येथे स्थायिक झालेल्या गटाची परंपरा म्हणजेच संपूर्ण मॉर्मन इतिहास नव्हे. इजिप्शियन पपायरसवरून अनुवादित केल्याचे स्मिथ यांनी सांगितलेल्या बुक ऑफ अब्राहम या ग्रंथाचा वाद तूर्त बाजूला ठेवा.