पंचावन्नच्या पुढच्या कामगारांसाठी एक्सोस्केलेटन घ्यावं का?

नका घेऊ. निदान आधी तरी नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की नाशिकला अंबडच्या तुमच्या युनिटमध्ये असेंब्लीला काही जण पंचावन्नच्या पुढचे आहेत, कुणाचा खांदा गेलाय, एकाला ऐकू कमी येतं, आणि मालक एक्सोस्केलेटन (अंगावर बांधायचा आधाराचा सांगाडा) नाहीतर कोबॉट (माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉटचा हात) घ्यायचं म्हणतायत. ते खांद्याचं स्प्रिंगवालं जे येतं ते हाताचा भार कंबरेवर घेतं, हात सतत डोक्याच्या वर ठेवायचं काम असेल तिथे त्याचा उपयोग आहे. पण वाकायचं, वळायचं, बिन, म्हणजे पार्टचं खोकं, आणायला जायचं अशा कामात ते नुसतं अडकतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पट्टे आवळून आठ तास कोण उभं राहणार? माणसाला काही बांधण्याआधी त्याची कामाची जागा बदला.

ठासून सांगतोय कारण सातपूरला मेंटेनन्सला असताना ह्याच गोष्टीवरून माझं प्रॉडक्शन मॅनेजरशी चांगलंच वाजलं होतं. कंपनीचं नाव नको. एक काका होते, अर्धं आयुष्य प्रेस शॉपमध्ये गेलेलं, नंतर असेंब्लीला आले. उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही, डोळ्यांना बायफोकल, आणि रिजेक्शनचा, म्हणजे पार्ट चुकल्याचा, बझर त्यांना ऐकूच यायचा नाही. साहेब म्हणाले, म्हातारा लाइन अडवतोय, पॅकिंगला टाका नाहीतर व्हीआरएसचा फॉर्म द्या.

आता त्या बझरचंच बघा. वर्षानुवर्षं आवाजात काम केलं की ऐकणं आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातं, म्हणजे बारीक चिरका आवाज पहिला जातो, आणि आपण बझर नेमके तसलेच लावतो! ज्या कारखान्याने माणसाचे कान घालवले त्यानेच त्याला ऐकू येत नाही म्हणून बाजूला काढायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. हिअरिंग एड लावा म्हणणारेही भेटले, पण शॉप फ्लोअरवर ते मशीनचा आवाजही मोठा करून देतं. मी बझरच्याच आउटपुटवर काकांच्या नजरेसमोर लाल दिवा टाकला, आणि पार्ट उलटा बसला तर क्लॅम्पच सुटणार नाही असा सेन्सर लावला.

नट आवळायची गन वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगली, त्यामुळे वजन गेलं, पण नट आवळला जाताना मनगटाला जो झटका बसतो तो बॅलन्सरने जात नाही, त्याला रिअ‍ॅक्शन आर्म, म्हणजे तो झटका स्वतःवर घेणारा दांडा, लागतो, तो टूलरूमच्या भंगारातून बनवला. बायफोकलचा जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, म्हणून छातीच्या उंचीवरचं फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारा साचा) बघायला काका मान मागे टाकायचे आणि संध्याकाळी मान धरून बसायचे, ते फिक्स्चर खाली घेऊन त्यांच्याकडे तिरकं केलं. शिवाय दिवा लावला, कारण विशीच्या मानाने साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. पण दिवा बाजूने लावा हं, मशीनिंग केलेल्या जॉबवरून तिरीप आली तर असून नसून सारखाच. बिन कोपराच्या उंचीला डावीकडे हवेत हे काकांनीच सांगितलं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, लाड चाललेत. काही दिवसांनी सेकंड शिफ्टची आयटीआयची पोरं त्याच स्टेशनवर उभं राहायला भांडायला लागली आणि तिथलं रिजेक्शन लाइनवर सगळ्यात कमी झालं, तरी साहेबांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये जर्मनीत डिंगोल्फिंगला हेच केलं. एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची माणसं ठेवली, लाकडी फ्लोअरिंग, खुर्च्या, भिंगं असे ७० बारीक बदल केले, त्यातले कितीतरी कामगारांनीच सुचवलेले. खर्च सगळा मिळून ४०,००० युरोच्या आसपास, आणि उत्पादकता ७ टक्के वाढली. हे आकडे तेव्हा माझ्याकडे असते तर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले असते.

कोबॉटचं म्हणाल तर काम एकसारखं असेल आणि व्हॉल्यूम असेल तरच बघा, आणि त्याच्या हातात धारदार पार्ट जाणार असेल तर कुंपण किंवा तसलंच काही संरक्षण लागणारच, विकणारा काहीही म्हणो. आणि हो, माझं सगळं असेंब्लीपुरतं आहे. चक्कर येणारा, फिट येणारा माणूस पॉवर प्रेसवर नको, तिथे दिव्याबिव्यांनी भागत नाही, डॉक्टरचं ऐका. कायद्याचंही बघून ठेवा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समान संधीचं धोरण खासगी कंपन्यांनाही जाहीर करावं लागतं.

मालकांशी बोलताना वयाचा विषय काढूच नका, रिजेक्शन रजिस्टर न्या, स्टेशनप्रमाणे आणि शिफ्टप्रमाणे आकडे काढून. आणि जुनी माणसं स्लो आहेत असं जो म्हणेल त्याला त्या स्टेशनवर अख्खी एक शिफ्ट उभं करा, तीच गन हातात देऊन, बॅलन्सर न लावता.