दम लागायच्या आधी थांबायला शीक

अगं पोरी,

तुझा मोठ्ठा मेसेज वाचला. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीचे रिपोर्ट चांगले आले, पण स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टॅसिस निघाला आणि घरचे सगळे म्हणतायत की आता तर बरी झालीस ना, मग दमतेस कशाला. टीबी गेला एवढंच त्यांना कळतं, जाताना तो श्वासनळ्यांची वाट लावून गेला हे कोण सांगणार. नळ्या एकदा रुंद आणि ढिल्या झाल्या की त्यात कफ साचतो, साचला की त्यात जंतू वाढतात, आणि मग नुसता श्वास घेण्यातच अंगातली निम्मी ताकद जाते. तू आळशी झालेली नाहीयेस. माझा आजार वेगळा, माझा सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनळ्या कायमच्या आकसल्या, गावी चुलीपुढे आयुष्य काढलं त्याची ती भेट, पण जिना चढताना आपली दोघींची गत एकच.

तू लिहिलंयस की रविवारी जरा बरं वाटलं म्हणून अख्खं किचन काढलं, माळा साफ केला, मशीन लावली, आणि मग दोन दिवस अंथरुणात. हेच चुकतंय बघ. वाईट दिवस आपल्याला आपोआप बसवतो, खरा धोका बऱ्या दिवसाला असतो. बरं वाटलं की आपण मागचं सगळं उरकायला घेतो. त्यापेक्षा बऱ्या दिवशीही नेहमीएवढंच काम, फार तर थोडं जास्त, आणि दम लागायच्या आधी बसायचं. लागल्यावर बसलीस तर परत उठायला दुप्पट वेळ जातो. माळा कुठे पळून जात नाही.

आता तुझा ठाणे स्टेशनचा ब्रिज. पायरी चढताना श्वास कोंडून ठेवू नकोस, आपण सगळे नकळत तेच करतो. उभं राहून नाकाने श्वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून हळूहळू सोडत दोन पायऱ्या चढायच्या, परत थांबायचं. आत घ्यायला दोन आकडे तर सोडायला चार. श्वास लांबवून सोडला की आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पुढच्याला जागा होते. मध्ये दम लागलाच तर कठड्यावर दोन्ही हात टेकून जरा पुढे वाक, खांदे मोकळे सोड. लोक बघतात म्हणतेस? बघू देत गं, ठाणे स्टेशनला कोणाला कोणाकडे बघायला वेळ आहे. अगदीच ऑकवर्ड वाटलं तर मोबाईल काढून बघत उभी राहा, मी तेच करते. आणि ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, एक सोडलीस की दुसरीत बसायला मिळू शकतं, ऐरोलीला उभ्याने जायचा हट्ट कशाला, दहा मिनिटं आधी निघ. जिथे लिफ्ट किंवा सरकता जिना चालू असेल तिथे लाज न बाळगता वापर.

पर्समध्ये तो चार्जिंगचा छोटा पंखा ठेव. गंमत नाही, चेहऱ्यावर, नाकागालावर गार वारा आला की दम लागल्याची भावना खरंच कमी होते.

सकाळी आंघोळीनंतर सगळ्यात जास्त थकतेस ना? कारण हात वर गेले की छातीचं काम वाढतं, मानेखांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करतात तेच केस धुवायला लागतात. बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेव, बसून आंघोळ कर, पाणी कढत नको आणि दार-खिडकी थोडी उघडी ठेव, वाफ कोंडली की जीव घाबरतो. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा सुती गाऊन अंगात घालून पाच मिनिटं नुसती बस. भाजी बसून चिर, कपडे बसून घडी कर. दोरीवर वाळत घालायचं काम भावाला दे, त्याचे हात काय झिजत नाहीत.

तुझ्या बाबतीत कफ काढणं हे रोजचं काम आहे, दात घासण्याइतकं. चेस्ट फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घे, नुसतं खोकत राहून घसा सोलतो. चष्म्याची काच पुसताना आपण जसा ‘हा’ करून श्वास टाकतो तसा तोंड उघडून जोरात टाकायचा, मग कफ वर सरकतो. आधी चार शांत श्वास, नंतरही. पाणी भरपूर पी, म्हणजे कफ पातळ राहतो. कोणी कपालभाती सांगेल, युट्युबवर पण बघितलं असशील, डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नकोस.

ऑक्सिमीटर दर दहा मिनिटांनी लावू नकोस बाई. दम लागला म्हणजे ऑक्सिजन कमी झालाच असं नसतं, ९७ असतानाही धाप लागू शकते. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकतो. नेहमीचा आकडा किती ते माहीत असू दे, तो बराच खाली आला तर डॉक्टरला फोन कर.

आणि घाबरून चालणं बंद करू नकोस. बसून राहिलं की पायाचे स्नायू कमी होतात, मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, आणि चक्र सुरू. पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटना शिकवतात तो व्यायामाचा कोर्स, मिळत असेल तर नक्की घे, साधारण ६ ते १२ आठवडे चालतं, औषध न वाढवता फरक पडतो. तोवर तलावपाळीला फेऱ्या मार, सपाट आहे, दमलीस तर बसता येतं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी. घोडबंदरच्या बाजूला धूळ जास्त असेल, दिवाळीचा धूर असेल त्या दिवशी घरातच फेऱ्या मार, हवेच्या प्रदूषणाचा आकडा समीर ॲपवर दिसतो. घरात मच्छर कॉइल आणि धूप बंद, देव रागावत नाही. जेवण थोडं थोडं, मामलेदारची मिसळ एकदम पोटभर खाऊन मग धाप लागली म्हणू नकोस, भरलेलं पोट फुफ्फुसाला वर ढकलतं. अंडं, मटकी, डाळ, दही रोज पोटात जाऊ दे. थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पण बघायला सांग, सगळं खापर छातीवर फोडायचं नाही.

कफाचा रंग बदलला, कफ वाढला, ताप आला तर वाट बघू नकोस. कफात रक्त दिसलं, ओठ निळसर वाटले किंवा वाक्य पूर्ण करता येईना तर सरळ १०८ ला फोन. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल पण विचार.

हो, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना तुझा पंप, म्हणजे इन्हेलर, सोबत ने आणि त्यांच्यासमोर मारून दाखव. पंपाची सवय लागते वगैरे शेजारच्या काकू म्हणतील, सोड. निम्मं औषध जिभेवरच राहिलं तर काय उपयोग, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लॅस्टिकची नळी, लावून हळू खोल ओढायचं, दहा सेकंद धरायचं, आणि स्टेरॉइडचा असेल तर मागून चूळ भरायची.

तुझी मावशी