मुलाच्या बेसबॉलसाठी फ्लोरिडात यावे काय?

कंपनी आपल्याला एच-वन-बी व्हिसावर फ्लोरिडाला पाठवत आहे, चौदा वर्षांचा मुलगा महाराष्ट्राच्या संघातून पिचिंग करतो (म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकतो), आणि येथे आल्यास तो व्यावसायिक बेसबॉलपटू होऊ शकेल काय, असे आपण विचारले आहे. अर्ज आणि शुल्क यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती देत नाही. मी ब्रेडन्टनजवळ राहतो आणि माझाही मुलगा पिचर होता, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आपण रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचे उदाहरण दिले आहे. भालाफेक करणारे उत्तर प्रदेशातील हे दोन तरुण २००८ साली एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आले, मेजर लीग या सर्वोच्च स्तरावरील पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने त्यांना करारबद्ध केले आणि २००९ मध्ये ते याच ब्रेडन्टनमध्ये अगदी खालच्या स्तरावर खेळले. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. दिनेशला क्लबने २०१० मध्ये मुक्त केले. रिंकू त्याहून वरच्या, पण मेजर लीगच्या बऱ्याच खालच्या सिंगल-ए स्तरापर्यंत पोहोचला, पण दुखापतींनी त्याची वाट अडवली आणि शेवटी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

आपल्या मुलाचा मार्ग तर याहून वेगळा होईल. परदेशात राहणाऱ्या मुलाशी क्लब सोळाव्या वर्षी थेट करार करू शकतो. पण येथील शाळेत शिकणाऱ्याला ड्राफ्टमधूनच, म्हणजे क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीतूनच, जावे लागते, आणि पूर्वी चाळीस फेऱ्यांचा असलेला हा ड्राफ्ट २०२१ पासून वीस फेऱ्यांवर आला आहे. म्हणजे बेसबॉलच्या हिशेबात तो परदेशी उरत नाही, इमिग्रेशनच्या हिशेबात मात्र पुरता परदेशीच राहतो. चार वर्षांच्या कॉलेजातील खेळाडू साधारणतः तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी ड्राफ्टला पात्र होतो, आणि नेमक्या एकविसाव्या वर्षी त्याचा एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या मुलाला मिळणारा व्हिसा, संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग त्याआधी सरेल, असे कृपया धरून चालू नका.

वयाचा विषय निघालाच आहे, तर जन्मदाखल्याचे सांगतो. आमच्या मुलाच्या दाखल्यावर ‘बालकाचे नाव’ हा रकाना कोरा होता, कारण नोंद बारशाच्या आधी झाली होती. २००१ मध्ये लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत डॅनी अल्मॉन्टे हा चौदा वर्षांचा मुलगा बारा वर्षांचा म्हणून खेळल्याचे उघड झाले, तेव्हापासून वयाचे कागद येथे डोळ्यांत तेल घालून पाहिले जातात. पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळे दाखवून झाले. तिकडे भाऊ महापालिकेत खेटे घालत होता आणि खिडकीतला माणूस त्याला ‘पालकांनी स्वतः यावे’ एवढेच ऐकवत होता. तो सगळा हंगाम मुलगा गणवेशाविना बाकावर बसून इतरांचे चेंडू मोजत होता. लीगचे पदाधिकारी फार गोड बोलायचे. त्या गोड बोलण्याचा राग अजून गेलेला नाही. आपल्या दाखल्यावर नाव आहे ना, ते आजच पाहा.

पैशांचे म्हणाल, तर २०२३ मध्ये खेळाडू संघटनेचा करार होईपर्यंत सिंगल-एचा वार्षिक पगार सुमारे ११,००० डॉलर होता. करारानंतर तो २६,२०० झाला. घराची सोय २०२२ पासून क्लब करतात. मेजर लीगमध्ये किमान पगार २०२५ साली ७,६०,००० डॉलर होता, परंतु बहुतेकांची कारकीर्द तेथे पोहोचण्याआधीच संपते.

एकटेपणाविषयी आपण विचारले आहे. सवय होते.

माझा मुलगा आता खेळत नाही आणि त्याला त्याची खंतही नाही. मी मात्र उन्हाळ्यात ब्रेडन्टनच्या सिंगल-ए संघाचे, मॅराउडर्सचे, सामने पाहायला एकटाच जातो. तेथे डोमिनिकन आणि व्हेनेझुएलन पोरे खांद्याला बर्फ बांधून फोनवर आईशी बोलत असतात, आणि त्यांच्याविषयी मला कौतुक वाटते की असूया, हे सांगता येत नाही. माझा सल्ला त्या मनाने दिलेला आहे, हे ध्यानात घेऊन वाचा: नोकरी चांगली असेल तर नोकरीसाठी या, बेसबॉलसाठी येऊ नका, आणि आलात, तर कॉलेजच्या फीची तरतूद ड्राफ्टवर भिस्त न ठेवता करा.