कंपनीच्या पैशावरची पीएचडी स्वीकारावी का?

सप्रेम नमस्कार,

मुलीला औषध रसायनशास्त्रात पीएचडीची जागा मिळाली आहे, पण प्रयोगशाळेचा खर्च एक औषध कंपनी करते आणि निष्कर्ष छापण्याआधी कंपनीला दाखवण्याची अट आहे. ‘विद्यापीठंच धंद्याला लागली तर मुलीनं तिथं जावं का?’ असं तुम्ही विचारलंय.

जावं. फक्त करार वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

सरकारी निधीतून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येईल, असा कायदा अमेरिकेत १९८० मध्ये झाला आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. विद्यापीठांच्या पेटंटांतून चांगलंही घडलं. जनुकं जोडण्याच्या कोहेन-बॉयर तंत्राचा परवाना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं एकाच कंपनीला न देता शेकडो कंपन्यांना दिला. विद्यापीठांना सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले आणि जैवतंत्रज्ञानाचा उद्योगही वाढला. असं यश मात्र विरळाच. बहुतेक विद्यापीठांना पेटंटमधून फारसं काही मिळत नाही, तरी त्या आशेनं विषयांची निवड बदलते. ज्याला गिऱ्हाईक नाही तो प्रश्न मागे पडतो, याची मला खरी काळजी वाटते.

तुमच्या मुलीला थेट लागू पडेल असं उदाहरण औषधांच्या संशोधक बेटी डाँग यांचं. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी कंपनीच्या पैशातून थायरॉइडच्या गोळ्यांची तुलना केली. स्वस्त गोळ्याही कंपनीच्या महागड्या गोळीइतक्याच प्रभावी निघाल्या. करारात निष्कर्ष छापण्यासाठी कंपनीच्या लेखी संमतीची अट होती, आणि कंपनीनं ते अडवून धरले. १९९० मध्ये संपलेलं काम १९९७ मध्ये छापून आलं! पीएचडीच्या विद्यार्थ्याला इतकं थांबणं परवडणारं नाही. शोधनिबंधच नसेल तर पुढची नोकरी कशावर मिळणार?

म्हणून कंपनीला निबंध नुसता ‘दाखवायचा’ आहे की तिची ‘परवानगी’ घ्यायची आहे, हे आधी स्पष्ट करून घ्या. पेटंटचा अर्ज करण्यापुरतं थांबणं रास्त आहे, कारण आधी छापलं तर अनेक देशांत पेटंट मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं त्यासाठी ३० ते ६० दिवस पुरेसे मानले आहेत. प्रबंधाची मौखिक परीक्षा खुली असेल ना, कंपनीनं मध्येच पैसे थांबवले तर फेलोशिप कोण देणार, हेही विचारा. त्याच प्रयोगशाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचे निबंध कधी छापले गेले, ते मुलीनं स्वतः शोधावं.

मार्गदर्शक करार दाखवायलाच तयार नसतील, तर ती जागा सोडा आणि दुसरा मार्गदर्शक शोधा.