गिअरबॉक्स दुरुस्त होऊनही गाडी स्लिप होते, आणि गॅरेज गाडी सोडत नाही

आपल्या पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. बारा वर्षे जुन्या सात आसनी ऑटोमॅटिक गाडीचा गिअर कसारा घाटात स्लिप होऊ लागला (म्हणजे इंजिन फिरते, पण ताकद चाकांपर्यंत नीट पोहोचत नाही), म्हणून आपण नाशिकच्या एका गॅरेजला ओव्हरहॉलचे ८५,००० रुपये दिले. तीन आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा सुरू झाली. आता ‘टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) गेला आहे’ असे सांगून, आणखी ४०,००० रुपये मिळाल्याशिवाय गाडी देणार नाही, असे गॅरेजमालक म्हणतात.

आधी गाडीच्या ताब्याविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला ठरलेले काम योग्य रीतीने केल्यास त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. पहिल्या कामाचे पैसे आपण चुकते केले आहेत आणि वाढीव कामाला आपली संमती नाही. तेव्हा न झालेल्या कामासाठी गाडी अडवण्याचा हक्क मला दिसत नाही. तरीही गाडी तातडीने हवी असेल आणि रक्कम भरावीच लागली, तर ‘हक्क राखून भरणा’ असे लेखी कळवून ती बँकेमार्फत द्यावी.

खरी मेख पुराव्यात आहे. गिअर स्लिप होण्यामागे ऑईल कमी असणे, ऑईलचा दाब सांभाळणारे भाग (व्हॉल्व्ह बॉडी वा सोलेनॉइड) बिघडून दाब घटणे किंवा क्लच प्लेटा जळणे, यांपैकी काहीही असू शकते. ऑईलची पातळी, त्याचा रंग व जळका वास, स्कॅनरवरचे कोड आणि दाबाची मोजणी यांतून बरेचसे निदान गिअरबॉक्स न उतरवता होते. या तपासण्या झाल्या होत्या का, हे गॅरेजला पाठवायच्या नोटिशीत विचारावे आणि काढलेल्या जुन्या प्लेटाही मागाव्यात. प्लेटा जळल्या असतील, तर त्यांचा चुरा कन्व्हर्टरमध्ये आणि ऑईल कूलरमध्ये साचतो; म्हणूनच जाणता कारागीर ओव्हरहॉलच्या वेळीच कूलर धुतो आणि कन्व्हर्टर तपासतो किंवा बदलतो. मग तीन आठवड्यांनी ‘कन्व्हर्टर गेला’ हे गॅरेजचे म्हणणे त्यांच्यापेक्षा आपल्याच अधिक उपयोगाचे आहे. मात्र पुन्हा बिघाड झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. म्हणून आपण आणि एक स्वतंत्र तज्ज्ञ हजर असल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू नये, असे गॅरेजला आजच लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे, दोन्ही सेवेतील त्रुटी ठरतात. आपल्याला पक्के बिल न देता साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, हीदेखील कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्क लागत नाही.

पत्रात ओझरता उल्लेख आहे की गाडी ‘कधीमधी शिर्डीच्या भाड्याला’ जाते. प्रतिपक्ष नेमके यावर बोट ठेवील, कारण व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही; अपवाद केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याचा. शिवाय पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, गाडी भाड्याने चालवणे हा परवान्याचा वेगळाच प्रश्न आहे. त्यामुळे नोटीस पाठवण्यापूर्वी या फेऱ्या किती आणि कशा होत्या, हे मला स्पष्ट कळवावे.