पिसवा मातीत आहेत, औषधाच्या बाटल्या शेळीवर ओतू नका

धारूर, वडवणी, जिंतूर भागातून आलेले प्रश्न एकत्र घेतो. ऊसतोडीहून परतल्यावर बंद गोठा उघडला की पायांवर पिसवा चढतात. शेळ्या सारख्या खाजवतात, करडं खंगत चालली. दुकानदार म्हणतो कपाशीचंच औषध मारा, मारू का? आणि मोबाईलवर पायात घुसणाऱ्या पिसवेचा व्हिडिओ फिरतोय, ती हीच का?

व्हिडिओचं आधी सांगतो. तळव्यात, नखाच्या कडेला घुसून बसणारी ती पिसू आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरची. आपल्याकडची चावते आणि उडते, कातडीत राहत नाही. पायाला सुया टोचून पोरांना रडवू नका.

आता गोठा. तुम्ही दिवाळीच्या सुमारास कुलूप लावून जाता, गुढीपाडव्याच्या आगेमागे येता. तोवर मोठ्या पिसवा मेलेल्या असतात, पण कोष मातीत असतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने उपाशी दबा धरून बसते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. मादी दिवसाला 40-50 अंडी घालते, ती शेळीच्या अंगावर टिकत नाहीत, खाली गळतात. जनावरावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या वीस भागांतला एक भाग. बाकी सगळं भेगांत, लेंड्यांखाली.

हे न बघता दुकानदार बाटली काढून देतो. कपाशीचं औषध जनावराच्या अंगावर मारायचं नाही. मोनोक्रोटोफॉस नाही, प्रोफेनोफॉस नाही, गोठ्यात फोरेटचे दाणे तर नाहीच. शेळी अंग चाटते, लाळ गळते, थरथरते, आडवी होते. करडू तर डॉक्टर पोचेपर्यंतही टिकत नाही. पिसवांवर फवारायचं औषध म्हणजे डेल्टामेथ्रिन, पण ‘शेतीचं काय, जनावरांचं काय, डेल्टामेथ्रिन ते डेल्टामेथ्रिन’ हेही ऐकू नका. शेतीचं 2.8 टक्क्यांचं येतं, जनावरांचं 1.25 टक्क्यांचं. जनावरांचंच घ्या, लिटरभर पाण्यात 2 मिली. सिरिंजने मोजा, टोपणाने नाही. ‘जरा कडक करा’ म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. कडक केल्याने कोष मरत नाहीत, करडं मरतात. गोचिडासाठी अमिट्राझ आणून ठेवलंय? पिसवांवर त्याचा उपयोग नाही. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवरही पिसवांसाठी विसंबू नका. एक टक्क्याचं 50 किलोला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या उस्मानाबादी शेळीला अर्धा मिली, तेही कातडीखाली आणि डॉक्टरांच्या हातून. दर पंधरवड्याला टोचत राहिलात तर उद्या जंतावरही ते चालणार नाही.

फवारणी सकाळी, शेळ्यांना पोटभर पाणी पाजून. दुपारच्या उन्हात नको. कासेवर, तोंडावर नको. दूध पिती करडं फवारू नका, फणीने विंचरा आणि साबणाने धुवा. मांजरावर हे औषध चुकूनही नको, मरतं. गोठ्यात झोपणारं कुत्रं मात्र सोडू नका, बहुतेक ठिकाणी पिसवा तेच आणतं. त्याच्यासाठी पशुवैद्यांकडून वेगळं औषध घ्या. दुसरी फवारणी पंधराव्या दिवशी, कोषातून नव्या निघतात तेव्हा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘अजून दिसतात’ म्हणून पुन्हा पंप उचलू नका.

खरा इलाज फावड्याचा आहे. शेळ्या आठवडाभर झाडाखाली बांधा. गोठ्यातली वरची दोन-तीन इंच माती लेंड्यांसकट खरवडा आणि लांब, उघड्या उन्हात पातळ पसरा. दाराशीच ढीग घातलात तर पिसवा परत गोठ्यात. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात अळी टिकत नाही, तिला सावली आणि ओल लागते. मग भेगांत औषध मारा, कळीचा चुना टाका, मुरूम पसरून चोपा. जमेल त्याने कोबा करावा. हे काम मृगाच्या आत उरकलं पाहिजे. पावसाची ओल आली की निम्मी मेहनत वाया. एवढं करणाऱ्याला शेळीवर औषध क्वचितच लागतं, आणि दुकानदार हे सांगणार नाही, कारण फावडं तुमच्या घरात असतं.

उंदीर असतील तर क्रम पाळा. आधी पिसवा मारा, मग उंदराचं औषध ठेवा. उलटं केलंत तर मेलेल्या उंदरावरच्या पिसवा तुमच्या अंगावर येतात. बीड तालुक्यातल्या मामला गावात 1994 साली आधी उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि मग प्लेगचे रुग्ण निघाले. विष न ठेवता उंदीर मरून पडू लागले तर हात लावू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. घरात कुणाला ताप आणि जांघेत गाठ असेल तर थांबू नका.

शेडसाठी रोजगार हमीतून अर्ज होतो, ग्रामपंचायतीत विचारा. करडाच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल तर रक्त कमी झालंय, 1962 ला फोन करून डॉक्टर बोलवा.